असा पाय नसतो

आत्याने आयुष्यात एकच प्रोग्राम लिहिला आणि त्याच्यावर जन्मभर भाव खाल्ला. हे दुसरं कुणी म्हणत नाही, तीच म्हणते. "लोक एक घर बांधतात आणि मरेपर्यंत त्यात राहतात. मी एक प्रोग्राम बांधला आणि त्याचं कौतुक ऐकत बसले, तेही बहुतेक वेळा स्वतःच्याच तोंडून."

खरं तर ती आत्या फक्त तिच्या दादाच्या मुलांची. मुलं शिकून लांब गेली, नाव मात्र इथेच राहिलं, आणि आता दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळी गल्ली तिला आत्याच म्हणते. नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, बिलं छापायच्या खोलीत. तिथे पहिला संगणक आला तेव्हा बाकीच्यांनी धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर कापड घातलं आणि आत्याने ते काढलं, एवढाच काय तो तिचा पराक्रम. पुढे पुस्तकं आणून, धडपडत, साहेबांची बोलणी खात ती प्रोग्राम लिहायला शिकली. लग्न केलं नाही. का, म्हणून कुणी खोदून विचारलंच तर सांगायची, "विचारलं होतं की दोघा-तिघांनी. मी त्यांना संगणकाबद्दल सांगायला लागले." निवृत्त झाल्यावर हातात नवा मोबाईल आला, तर त्याच्यावर साधा फोन उचलता येईना. बोट बाजूला सरकवायचं की वर, हे ठरेपर्यंत पलीकडचा माणूस कंटाळून ठेवून द्यायचा. तेव्हापासून ती स्वतःची ओळख माजी संगणकतज्ज्ञ अशी करून देते.

तर तो प्रोग्राम. आत्या राहते माडीवर आणि खाली दादाचं बुटांचं काम चालतं. साधे बूट नव्हेत. अपघातामुळे, आजारामुळे किंवा जन्मापासूनच ज्यांचे पाय दुकानातल्या बुटात मावत नाहीत, त्यांचे बूट दादा शिवतो. असा बूट शिवायचा तर आधी फर्मा लागतो, म्हणजे त्या पायाच्या मापाचा लाकडी पाय, ज्याच्यावर कातडं ताणून बसवतात. पूर्वी दादा हा फर्मा हाताने तासायचा. मग एका बंद पडलेल्या कारखान्यातून त्याने लाकूड कोरायचं मशीन उचलून आणलं आणि आत्याने ते मशीन चालवणारा प्रोग्राम लिहून दिला. वहिनी गिऱ्हाइकाच्या पायाची मापं घेते, आकडे टाकते, मशीन घरघरतं आणि ठोकळ्यातून पाय बाहेर येतो. जग कुठल्या कुठे गेलं, पण दादाच्या कारखान्यात अजून तेच मशीन, त्याच्या शेजारी तोच जुना डॉसवाला संगणक आणि त्यात आत्याचा तोच प्रोग्राम. चालतंय ना, मग हात लावायचा नाही, हा दादाचा कायदा.

एवढ्या वर्षांत त्या प्रोग्रामबद्दल तक्रार फक्त वहिनीची होती. मापांत काही वेडंवाकडं दिसलं की पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटायचं: "असा पाय नसतो. नीट मोजा." हे वाक्य आत्याने ऐन उमेदीच्या काळात, आपण फार विनोदी आहोत अशा समजुतीत लिहिलं होतं. वहिनी म्हणायची, "वन्सं, सासूबाई कधी मला एवढं बोलल्या नाहीत. तुमचं हे खोकं मात्र येता-जाता माझी अक्कल काढतं." आत्या हसायची. आपल्या विनोदाला अजून दाद मिळतेय, असं तिला वाटायचं.

मग एके दिवशी पोस्टवाली आली.

ती पूर्वी याच भागात पत्रं वाटायची. ट्रकच्या चाकाखाली डावा पाय गेला आणि तो वाचवताना डॉक्टरांना बोटांसकट पुढचा भाग काढावा लागला. उरलेला पाय आखूड, रुंद आणि जरासा आत वळलेला. तेव्हापासून तिला पोस्टात आतल्या टेबलावर पत्रं निवडायला बसवलं होतं. आता महिनाअखेरच्या सोमवारी साहेब स्वतः तिच्याबरोबर तिची जुनी फेरी चालणार होते. सगळी फेरी पुरी केली तर फेरी परत तिची, नाहीतर कायमचं टेबल. "मला टेबल नको हो," ती वहिनीला सांगत होती. "दिवसभर भिंत बघायची. कोण कुठे राहतं, कुणाकडे काय चाललंय, काही कळत नाही. जीव गुदमरतो माझा." बोलताना तिने मोजा काढला होता, पण नजर सतत दाराकडे होती. वहिनीच्या लक्षात आलं की ही बाई स्वतःच्या पायाकडे बघत नाही.

वहिनीने मापं घेतली, दोनदा घेतली, आकडे टाकले. आत्या तेव्हा तिथेच चहा पीत उभी होती. पडद्यावर उमटलं: "असा पाय नसतो. नीट मोजा."

पोस्टवाली समोरच बसली होती. तिने ते वाचलं. आयुष्यभर पत्ते वाचलेली बाई, तिला काय वेळ लागतो! मोजा परत चढवायला लागली, एवढंच.

आत्याने चहाचा कप खाली ठेवला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. "अगं, तो प्रोग्राम मूर्ख आहे," ती घाईघाईने म्हणाली. "म्हणजे प्रोग्राम नाही, लिहिणारी मूर्ख आहे. म्हणजे मीच. तू बस. हे मी आत्ता दुरुस्त करते. एक ओळ बदलायची आहे फक्त."

वहिनीने कपाळाला हात लावला. एक ओळ, हे शब्द तिने या घरात यापूर्वी ऐकले होते.

दादाने कातड्यावरून मान वर न करता एवढंच सांगितलं, "अगं, शुक्रवारपर्यंत फर्मा हातात आला पाहिजे. नाहीतर सोमवारी बूट नाही." त्याच्या मनगटांत संधिवात होता. सुई चालायची, पण लाकूड तासायचं त्याने केव्हाच सोडलं होतं. म्हणजे मशीनने कोरला तरच फर्मा, आणि आत्याने ती ओळ बदलली तरच मशीन.

आता ओळ बदलायची म्हणजे काय, तर प्रोग्रामचा मूळ मजकूर उघडायचा, त्यात बदल करायचा आणि तो कंपायलरमधून काढायचा. माणसाने लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारं हत्यार म्हणजे कंपायलर. आत्याचा कंपायलर माडीवर, कपाटाशेजारी चादरीखाली झाकलेल्या तिच्या स्वतःच्या जुन्या संगणकात होता. त्याची एक नक्कल भाच्याने दिलेल्या नव्या लॅपटॉपवरही होती; तिने ती आधी चालवून बघितली, पण ही फाईल इथे चालणार नाही असं सांगून लॅपटॉपने तिला दारातूनच परत पाठवलं. मग चादर काढली.

संगणक सुरू झाला हेच नवल. पण त्याच्या आतली छोटी बॅटरी मेली होती, त्यामुळे त्याला काहीच आठवत नव्हतं. आपल्या पोटात डिस्क आहे हेसुद्धा तो विसरला होता. आत्याने त्याला ते परत शिकवलं आणि मोठ्या रुबाबात कंपायलर सुरू केला. उत्तर आलं: पुरेशी मेमरी नाही.

"माझ्यासारखंच झालंय याचं," आत्या पुटपुटली. मग बघते तर काय, संगणक सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या गोष्टींची तिने तरुणपणी जत्राच भरवून ठेवली होती. एक माउससाठी, एक घड्याळ दाखवणारी, एक पडद्याच्या कोपऱ्यात मांजर फिरवणारी. मांजर! डॉसच्या मुळातच तोकड्या मेमरीत तिने मांजर पाळलं होतं आणि आता कंपायलरला पाय पसरायला जागा नव्हती. तिने एकेकाला बाहेर काढलं. मांजराला काढताना मात्र हात जरा घुटमळला, हे तिने नंतर वहिनीजवळ कबूल केलं.

कंपायलर उघडला. मजकूर उघडला. पाय किती आखूड आणि किती रुंद असू शकतो याची मर्यादा घालणारी ओळ सापडली, आणि तिच्या डोक्यावर खुद्द आत्याने स्वतःसाठी लिहून ठेवलेली टीप: "ही मर्यादा काढू नकोस. कारण तुला माहीत आहेच."

आत्याने ती टीप दोनदा वाचली. तिला कारण अजिबात माहीत नव्हतं. तिला काल भाजीला काय केलं होतं ते आठवत नव्हतं. "काय गं भवाने," ती त्या तरुण पोरीला मोठ्याने म्हणाली, "दोन शब्द जास्त लिहिले असतेस तर बोटं झिजली असती का तुझी?" खालून वहिनीने विचारलं, "वन्सं, कोण आलंय वर?" आत्या म्हणाली, "कुणी नाही. एक शहाणी आली होती, गेली."

तिने मर्यादा सैल केली आणि सगळे तुकडे जोडून प्रोग्राम नव्याने बांधणाऱ्या हत्याराला हुकूम सोडला. क्षणात उत्तर आलं: करण्यासारखं काही नाही, सगळं ताजं आहे. आत्याला वाटलं, वा, झालंसुद्धा! काय ते जुनं सामान, काय तो वेग! तिने फ्लॉपी भरली, खाली आली, कारखान्याच्या संगणकात ती फाईल टाकली, संगणक बंद करून सुरू केला आणि वहिनीला म्हणाली, "टाका आकडे."

असा पाय नसतो. नीट मोजा.

परत वर. ओळ पुन्हा तपासली, बरोबर. पुन्हा बांधलं, सगळं ताजं आहे. पुन्हा खाली. असा पाय नसतो. त्या जिन्यावर आत्याची जी ये-जा सुरू झाली ती बघून इस्त्रीवाल्याने वहिनीला विचारलं की घर बदलताय की काय.

पोस्टवाली रोज काम सुटल्यावर यायची. काही विचारायची नाही. दाराशी स्टुलावर बसायची, दादाची सुई बघायची आणि थोड्या वेळाने, "बरं, येते," म्हणून कुबडी उचलायची. तिने एकदा तरी आरडाओरडा केला असता तर आत्याला बरं वाटलं असतं.

बुधवारी आत्या जिन्यावरून ओरडतच खाली आली. "सापडलं! वहिनी, सापडलं! अहो, तारीख!"

"कसली तारीख?"

"बॅटरी मेली ना, म्हणून त्या संगणकाला वाटतंय की आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी आहे. मी बदललेल्या मजकुरावर तो ऐंशी सालचा शिक्का मारतो. आणि ते बांधणारं हत्यार तारखा बघतं. मजकूर जुना, तयार प्रोग्राम त्याच्यानंतरचा. मग ते म्हणतं, यात नवीन काय आहे? कशाला बांधू? आणि काही न करता मला सांगतं, सगळं ताजं आहे! म्हणजे इतके दिवस त्याने काही केलंच नव्हतं, आणि मी त्याच्या वेगाचं कौतुक करत होते!"

"म्हणजे आता झालं?" वहिनीने मुद्द्याचं विचारलं.

"तारीख बदलून सगळं मुळापासून बांधलं. हे घ्या." आत्याने फ्लॉपी अशी धरली होती की कुणाला वाटावं सुवर्णपदक आहे. चहा झाला. आत्याने सगळी गोष्ट दादाला पुन्हा पहिल्यापासून सांगितली. समोरच्या इस्त्रीवाल्यालाही सांगितली. मग तिने फाईल टाकली, संगणक परत सुरू केला आणि वहिनीने आकडे टाकले.

असा पाय नसतो. नीट मोजा.

दादा परत कातड्याकडे वळला. इस्त्रीवाला तर काम आठवल्यासारखं करून निघूनच गेला.

गुरुवारी दुपारी आत्या माडीवर त्या संगणकासमोर डोकं धरून बसली होती. दोष कुठे आहे तेच कळेना. शेवटी संतापून तिने ठरवलं, निदान हा बदल घेतोय की नाही ते तरी बघू. तिने 'असा पाय नसतो' हे शब्द पुसले आणि त्यांच्या जागी मनापासून लिहिलं, "आत्या गाढव आहे." आणि मर्यादा सैल ठेवायच्या ऐवजी अशी आवळली, की जगातला कुठलाही पाय घातला तरी हेच वाक्य यावं. बांधलं. खाली गेली. वहिनी बाजारात होती, म्हणून तिने स्वतःच आकडे टाकले आणि स्वतःची निंदा वाचायला सज्ज झाली.

असा पाय नसतो. नीट मोजा.

"अरे, मला गाढवसुद्धा म्हणेना!" आत्या मोठ्याने म्हणाली. दादाने मान वर केली आणि परत खाली घातली.

आणि तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. शब्द बदलले तरी पडद्यावरचे शब्द बदलत नाहीत, म्हणजे ती जो प्रोग्राम बदलतेय तो इथे चालतच नाहीये. इथे भलताच कुठलातरी चालतोय. तिने संगणकातल्या कप्प्यांची यादी काढली. तिच्याच हाताने कधीकाळी केलेले कप्पे ओळीने उभे होते: नवा, नवा२, शेवटचा, शेवटचा२, आणि खरा. प्रत्येकात तोच प्रोग्राम. साहजिकच ती इतके दिवस नवी फाईल 'खरा' या कप्प्यात टाकत होती, कारण माणूस खरा नाही तर काय खोटा म्हणून नाव देईल? आणि संगणक सुरू झाला की आपोआप चालणाऱ्या फाईलमध्ये काय लिहिलं होतं? तर सरळ 'जुना' नावाच्या सहाव्या कप्प्यात जा आणि तिथला प्रोग्राम चालव. तोही तिच्याच हाताने लिहिलेला हुकूम. म्हणजे 'खरा' मधला प्रोग्राम दादाच्या कारखान्यात एक दिवसही चालला नव्हता. जगाला जन्मभर जो प्रोग्राम ती आपला सर्वांत पक्का म्हणून सांगत आली होती, त्याने आजवर एक फर्मासुद्धा कोरलेला नव्हता.

तिने तयार फाईल उचलून 'जुना' मध्ये टाकली. तेवढ्यात वहिनी बाजारातून आली, पाठोपाठ पोस्टवालीही आली, आणि आत्या आनंदाच्या भरात म्हणाली, "या, या, दोघी या! आता बघा. दादा, तूही ऊठ." मर्यादा आवळून ठेवलीय आणि तो मजकूर तसाच आहे, हे ती साफ विसरली होती. वहिनीने आकडे टाकले. सगळे पुढे झुकले. पडद्यावर ठळक हिरव्या अक्षरांत आलं:

आत्या गाढव आहे. नीट मोजा.

मग आत्या टाळ्या पिटत नाचायला लागली. "म्हणाला! म्हणाला! बघा, गाढव म्हणाला!" दादा, ज्याला हसताना वहिनीनेही बोटांवर मोजण्याइतक्या वेळा बघितलं होतं, तो पोट धरून खाली बसला. वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाली, "वन्सं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे खोकं खरं बोललं." आणि पोस्टवालीला काहीच कळलं नव्हतं, पण तीही हसत होती.

आत्याने तिला समजावलं. पोस्टवालीने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माणूस घर सोडून गेला होता आणि तुम्ही त्याच घरी पत्रं टाकत होतात?"

"नाही गं. माणूस बिचारा पहिल्यापासून आपल्या जुन्या घरातच होता. मीच त्याच्यासाठी पाच नवी घरं बांधली, त्याला सांगितलं नाही, आणि पत्रं तिकडे टाकत बसले."

"असे लोक असतात," पोस्टवाली गंभीरपणे म्हणाली. "आमच्याकडे त्यांचा वेगळा गठ्ठाच असतो."

शुक्रवारी सकाळी गाढवाचं वाक्य काढून, मर्यादा सैल करून आत्याने प्रोग्राम परत बांधला आणि या वेळी थेट 'जुना' मध्ये टाकला. संगणकाने मापं निमूट घेतली. दादाने पायाच्या मापाचा आखूड ठोकळा चढवला. पण मशीन सुरू करायच्या आधी आत्याने त्याचा हात धरला. "दादा, एक सांगायचंय. ती मर्यादा मी उगाच घातली नव्हती. काहीतरी कारण होतं, आणि मला ते आठवत नाही. तू थांबवायच्या बटणावर हात ठेव."

दादाने तिच्याकडे एकवार बघितलं, पण हात ठेवला. पातं फिरायला लागलं, भुसा उडाला, टाच आली, घोटा आला. पाय आखूड होता, तरी पुढची बाजू रुंद, म्हणून पातं रुंद फेरा घेत ठोकळ्याच्या टोकाकडे सरकलं. तिथे ठोकळ्याला घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी जबडा होता. दादाने बटण दाबलं. पातं जबड्यापासून नखभर अंतरावर थांबलं.

"हेच ते कारण," दादा कपाळ पुसत म्हणाला. "आठवलं मला. सुरुवातीला एकदा पातं जबड्यावर आपटून तुटलं होतं. मी तुझ्यावर ओरडलो होतो आणि तू रडत वर गेली होतीस."

"आणि मी रडत रडत लिहिलं की कारण तुला माहीत आहेच," आत्या म्हणाली. ते पातं तुटलं असतं तर नवीन कुठून आणलं असतं, आणि सोमवारी त्या पोरीला काय तोंड दाखवलं असतं? वहिनीने तिच्यासाठी स्टूल सरकवलं.

उपाय साधा निघाला. दादाने लांब ठोकळा घेतला, पाय मधोमध येईल असा बसवला, म्हणजे जबडा पात्याच्या वाटेत येणार नाही. दुपारपर्यंत फर्मा तयार झाला. आत्याने मजकुरात मर्यादा परत घातली, फक्त आता तिथे नवं वाक्य येतं: "पाय आखूड आणि रुंद आहे. लांब ठोकळा लावा, नाहीतर पातं जबड्याला लागेल." हे वाक्य वाचून वहिनी म्हणाली, "एवढं सरळ बोलता येत होतं तर इतकी वर्षं कुठे होतात, वन्सं?"

संध्याकाळी पोस्टवाली आली तेव्हा फर्मा बाकावर होता. दादाने तो सहज उचलून तिच्या हातात दिला. तिने तो घेतला आणि मग तिला कळलं की हे काय आहे. ती थबकली. मग हळूहळू तिने तो फिरवून बघितला, जिथे बोटं नव्हती तिथल्या गोलाईवरून अंगठा फिरवला, टाच तळहातावर तोलून बघितली. आत्याला वाटलं आता रडणार. ती रडली नाही. "एवढा काही वाईट नाही," ती म्हणाली आणि फर्मा दादाला परत दिला. दादाने शनिवार-रविवार मिळून बूट शिवला.

सोमवारी आत्याचं तिकडे काहीही काम नव्हतं. तरी ती सकाळीच पोस्टासमोर जाऊन उभी राहिली. वहिनीने बजावलं होतं, जाऊ नका, तिला अवघडल्यासारखं होईल. म्हणून आत्या रस्त्याच्या पलीकडून, कुणाच्याही लक्षात येणार नाही अशा बेताने चालणार होती. आणि बूटवाल्या दादाच्या या बहिणीने पायात काय घालावं? तर ठेवणीतल्या नव्याकोऱ्या टाचेच्या सँडल. कारण साहेब असणार, जरा बरं दिसावं.

पोस्टवाली निघाली. खांद्यावर पिशवी, मागे साहेब, हातात घड्याळ. पहिल्या काही घरांना ती जरा जपून पाऊल टाकत होती. मग कुणीतरी खिडकीतून हाक मारली, "अगं बाई, आलीस का परत!" तिने हात केला, पायऱ्या चढली, उतरली, आणि तिथून तिची चाल बदलली. किंचित एका बाजूला झुकत, पण सरसर. दारं, पायऱ्या, फाटकं, कुठल्या घराची कडी कशी उघडते ते सगळं तिच्या अंगात होतं. एकदाही मागे वळून तिने बघितलं नाही.

आत्याची मात्र बाजारातल्या वळणाशीच टाच सोलवटली. तरी ती रेटत राहिली. चढाच्या रस्त्याला लागल्यावर दुसरी टाचही गेली. सँडल हातात घेऊन थोडं चालली, मग खडे बोचायला लागले. दोन्ही पाय धडधाकट असलेली ही बाई शेवटी एका अनोळखी घराच्या पायरीवर मटकन बसली आणि चढावरून वर जाणारी पोस्टवाली वळणावर दिसेनाशी झाली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पायांची मापं बघितली, पण स्वतःच्या सँडलचं माप बघितलं नाही, असं म्हणून आत्याने स्वतःला चार शिव्या घातल्या. बराच वेळ गेला.

मग चढावरून साहेब खाली येताना दिसले. एकटे. चेहरा लालबुंद, शर्ट घामाने चिकटलेला, एका पायाने लंगडत. आत्या पायरीवरून अर्धी उठली. ते तिच्यासमोर येऊन थांबले, भिंतीला हात टेकला आणि धाप लागलेल्या आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही इथून एक पोस्टवाली जाताना बघितलीत का? मी बुटाची नाडी बांधायला वाकलो, आणि वर बघतो तर नाहीच! दोन गल्ल्या शोधल्या मी. कुठल्या बाजूला गेली असेल?"

आत्याने वर वळणाकडे हात केला. बोलायला गेली, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. साहेब घाबरले. त्यांनी तिच्या रक्ताळलेल्या टाचांकडे बघितलं, हातातल्या सँडलकडे बघितलं आणि तिच्या शेजारी पायरीवर बसत हळूच विचारलं, "फार दुखतंय का हो?"

"हो," आत्या हुंदके देत म्हणाली, "फार."